गाडीच्या दाराची झिणझिण आणि पार्किंगमधले सॉकेट

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून राहण्याची, झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्यांविषयी आपल्याकडे बरेच लिहिले-बोलले जाते. कोणता घाट चढवावा, समुद्राकाठी मुक्काम कुठे करावा, आत गाद्या कशा बसवाव्यात, हे सगळे त्यात येते. अशी गाडी घरी परतल्यावर सोसायटीच्या पार्किंगमधल्या सॉकेटला जोडली जाते, त्या जोडणीचा विषय मात्र कुठे वाचनात आला नाही. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत विद्युत पर्यवेक्षक म्हणून काम करून निवृत्त झालो आहे, आणि गेल्या पावसाळ्यात घरच्याच एका गाडीच्या अर्थिंगचा दोष शोधता शोधता माझे तीन रविवार गेले. त्या शोधात जे आढळले ते आपल्या वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गाडी माझ्या मेहुण्यांची आहे. त्यांनी एक जुनी मिनीबस घेऊन, रीतसर परवानगीने, तिचे मोटरहोम करून घेतले. छोटा फ्रिज, पाण्याचा पंप, गिझर, इन्व्हर्टर आणि पंखे अशी सगळी सामग्री तिच्यात आहे. ऐरोलीला आमच्या इमारतीत ते मुक्कामाला आले, तेव्हा गाडीची बॅटरी चार्ज व्हावी म्हणून पार्किंगमधल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला केबल लावली होती. संध्याकाळी पावसाची सर येऊन गेली, जमीन ओली होती, आणि मेहुणे अनवाणीच खाली उतरून दार लावायला गेले तर मुठीला हात लागताच बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. पायात चप्पल असताना काही लागत नव्हते, आणि गाडीच्या आत बसलेल्या कोणालाच काही जाणवत नव्हते. शेजारच्या एका गृहस्थांनी "स्टॅटिक असेल, टँकरला असते तशी साखळी लोंबकळत सोडा" असा सल्ला दिला. टँकरची साखळी स्थिर विद्युतेसाठी असते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यातून येणाऱ्या करंटशी तिचा काही संबंध नाही.

मी मल्टिमीटर आणला, ओल्या मातीत एक लोखंडी सळई खोचली आणि ती सळई व दाराची मूठ यांमधला दाब मोजला. मीटरने १०८ व्होल्ट दाखवले. हा आकडा पाहून घाबरायला होते, पण तो पुरवठ्याच्या साधारण निम्मा आहे, ही त्यातली खूण. वीज आणणारी फेजची तार कुठे उघडी पडून पत्र्याला टेकली असती तर २३० च्या आसपास वाचन आले असते. खात्रीसाठी मी एक १५ वॅटचा बल्ब त्याच दोन टोकांना जोडला, तेव्हा बल्ब पेटला नाही आणि मीटरचे वाचन जवळजवळ शून्यावर आले. म्हणजे त्या १०८ व्होल्टच्या मागे दम नव्हता. चार्जर, फ्रिज, एलईडीचे ड्रायव्हर यांच्या आत फिल्टरसाठी छोटे कपॅसिटर असतात, त्यांतला एक फेज आणि अर्थ यांमध्ये, दुसरा न्यूट्रल, म्हणजे करंटच्या परतीची तार, आणि अर्थ यांमध्ये बसवलेला असतो. त्यांतून मिलिअँपिअरच्या काही अंशांचा करंट सतत अर्थच्या तारेत जात राहतो, आणि तो जाण्यासाठीच ती तार असते. तार मध्येच तुटलेली असेल तर हा करंट गाडीच्या सांगाड्यावर साठून राहिल्यासारखा होतो, सांगाडा निम्म्या दाबावर तरंगतो, आणि रबरी टायरांमुळे गाडी जमिनीपासून अलग असल्याने त्याला पहिली वाट मिळते ती ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाची.

झिणझिण स्वतः सहसा जिवावर बेतत नाही. ती फक्त सांगते की अर्थिंग नाही. उद्या गिझरच्या कॉइलला तडा गेला किंवा दाराच्या चौकटीत घासून एखाद्या वायरचे आवरण गेले, तर त्याच मुठीवर पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतील. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध १,००० ओहमच्या घरात धरला तर त्याच्यातून २३० मिलिअँपिअर जातील. माणसांच्या संरक्षणासाठी बसवायचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरवर पडावा असा असतो, यावरून हा आकडा किती मोठा आहे हे कळेल.

मी आधी दोष गाडीत शोधला. गाडीच्या इनलेटपासून आतल्या बोर्डापर्यंत आणि बोर्डापासून सांगाड्याच्या बोल्टपर्यंत हिरवी, म्हणजे अर्थची, तार अखंड होती. केबलही ठीक निघाली. मग मेन बंद करून पार्किंगचे सॉकेट उघडले. वरच्या मोठ्या पिनेला हिरवी तार होती, स्क्रूखाली घट्ट होती, आणि पाइपात व्यवस्थित शिरत होती. तिचा माग काढत मीटररूमपर्यंत गेलो तर तिथे तिचे टोक काळ्या टेपमध्ये नीट गुंडाळून, अर्थिंगच्या पट्टीपासून हातभर अंतरावर, वर्षानुवर्षे लोंबकळत असावे तसे लोंबत होते. पट्टीवर खाडीच्या हवेने हिरवट खार चढला होता आणि तिच्यावर आणखी एक तार कसायला भोक शिल्लक नव्हते. सॉकेट बसवणाऱ्याने बहुधा "नंतर बघू" म्हणून ते टोक तसेच सोडले असावे. त्या सॉकेटवर आजवर कोणी गाडी धुण्याचा पंप लावला, कोणी ड्रिल लावले, सगळे चालले, कारण अर्थची तार नसली म्हणून कोणतेही उपकरण बंद पडत नाही. अर्थिंगचा दोष इतका काळ लपून राहतो तो यामुळेच.

खरा धोका यापुढे आहे आणि या पत्राचे कारणही तेच आहे. सोसायटीने नेहमीच्या वायरमनला बोलावले. त्याने सॉकेट उघडले, दोन इंच तारेचा तुकडा काढला, न्यूट्रलच्या पिनेवरून अर्थच्या पिनेला जोड मारला, झाकण लावले आणि मला मीटर लावायला सांगितले. "काका, आता बघा, दोनशेतीस दाखवतोय की नाही?" दाखवत होता. फेज ते अर्थ २३१, न्यूट्रल ते अर्थ शून्य, आणि मुठीची झिणझिणही गेली. बाजारात मिळणारा तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर लावला असता तर त्यानेही सगळे ठीक असल्याचेच सांगितले असते. पूर्ण पाच मिनिटांत दुरुस्ती झाली आणि सगळ्यांच्या मते प्रश्न मिटला.

प्रत्यक्षात गाडी आधीपेक्षा कितीतरी अधिक धोकादायक झाली होती. या जोडामुळे गाडीचा संपूर्ण पत्रा न्यूट्रलच्या तारेला बांधला जातो. मीटररूमपासून सॉकेटपर्यंत ती न्यूट्रल कुठेही सैल झाली, जळली किंवा उंदराने कुरतडली, तर चालू असलेल्या फ्रिजमधून आलेला फेज न्यूट्रलवरून मागे येतो, परतीची वाट नसल्यामुळे जोडावरून अर्थच्या पिनेत शिरतो आणि तिथून गाडीच्या पत्र्यावर जातो. आत फ्रिज नुसता बंद पडलेला दिसेल, वीज गेली असे वाटून कोणीतरी बघायला खाली उतरेल, आणि मुठीवर जिवंत फेज उभा असेल. गाडीतला आरसीसीबी या वेळी पडत नाही. त्याचे काम फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सारखा आहे ना, एवढेच पाहण्याचे. इथे दोन्ही सारखेच असतात, कारण गळती त्याच्या अलीकडे, सॉकेटमध्ये होते. शिवाय आरसीसीबी अर्थची तार तोडत नाही. त्यावरचे टेस्टचे बटण दाबले तर तो इमानदारीने पडेल, पण त्या बटणाने आरसीसीबीची यंत्रणा तपासली जाते, बाहेर अर्थिंग आहे की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नसते. आणि एखाद्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे लागलेले असतील, जे आपल्याकडे दुर्मीळ नाही, तर हा जोड फेज थेट पत्र्यावर आणून ठेवतो, न्यूट्रल तुटायची वाटही पाहावी लागत नाही.

घराच्या भिंतीतल्या सॉकेटमध्येही हा जोड चूकच आहे. परंतु घरात माणूस कोरड्या फरशीवर असतो, आणि टायरांवर उभ्या गाडीत शिरताना त्याचा एक पाय ओल्या मातीत व हात लोखंडावर असतो, म्हणून गाडीसाठी तो अधिक घातक ठरतो. ब्रिटनमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकाच तारेतून घरापर्यंत आणण्याची पद्धत सर्रास आहे, तरीही २००२ च्या तिथल्या वीजपुरवठा नियमांनी ती एकत्र तार कॅराव्हान किंवा बोटीच्या धातूला जोडण्यास मनाई केली आहे. घराला जे चालते ते चाकांवरच्या घराला चालत नाही, हे तिथे कायद्यानेच मानले आहे.

असा लपवलेला जोड ओळखायचा कसा, असे मला त्या दिवशी सोसायटीच्या सचिवांनी विचारले. भार न देता घेतलेल्या वाचनाने तो ओळखू येत नाही. त्या सॉकेटवर गिझरसारखा २ किलोवॅटचा भार चालू करायचा आणि त्याच वेळी न्यूट्रल व अर्थ यांमधला दाब पाहायचा. सुमारे ९ अँपिअर करंट ३० मीटर लांबीच्या, अडीच चौरस मिलिमीटरच्या न्यूट्रलमधून परततो तेव्हा त्या तारेत साधारण २ व्होल्टची घट होते. अर्थची तार वेगळी आणि खरी असेल तर ही घट मीटरवर दिसलीच पाहिजे. आमच्या सॉकेटवर गिझर चालू असतानाही वाचन शून्यच राहिले. वाचन फार चांगले येणे हाच इथे दोषाचा पुरावा होता. हे मोजमाप परवानाधारक तारतंत्र्याकडून किंवा पर्यवेक्षकाकडूनच करून घ्यावे, उघड्या सॉकेटशी हौसेने खेळू नये, हे वेगळे सांगायला नको.

यावर काही जण म्हणतात की सॉकेटच्या भानगडीत पडूच नये, गाडीशेजारी एक लोखंडी कांब ठोकावी आणि तिला सांगाडा बांधावा. हाही भ्रम आहे. अशा कांबीचा जमिनीशी रोध २० ओहम मिळाला तरी ते चांगलेच म्हणायचे, आणि फेज पत्र्याला टेकल्यावर २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर करंट वाहील. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा करंटला पडणारा स्विच, एवढ्यावर ढिम्म हलणार नाही. गाडी जिवंत राहील, कांब तापत राहील आणि मीटर फिरत राहील. वीज मातीत जाऊन विरत नाही, ती आपल्या उगमाकडे परत जाते, आणि बाहेरच्या पुरवठ्याचा उगम ट्रान्सफॉर्मरपाशी आहे. तिथवर कमी रोधाची तांब्याची वाट हवी, किंवा निदान त्या फरकावर पडणारा आरसीसीबी हवा. दोन्ही असलेले उत्तम.

एक्स्टेन्शन बोर्डाविषयी दोनच वाक्ये. पुष्कळ बोर्डांना सॉकेट तीन पिनांचे आणि वायर टू-कोअर, म्हणजे दोनच तारांची, असते, त्यामुळे अर्थची तार बोर्डातच संपते. गाडीला थ्री-कोअर, अडीच चौरस मिलिमीटरची केबलच लावावी, ती आधी गाडीला व मग सॉकेटला जोडावी, आणि रीळवर गुंडाळलेली न ठेवता पूर्ण सोडून वापरावी, नाहीतर ती आतल्या आत तापते.

मेहुण्यांची दुसरी तक्रार याहून जुनी होती, आणि तिच्यात अर्थ हा शब्द निराळ्याच अर्थाने येतो. पाण्याचा पंप सुरू झाला की दिवे मंद होत, फ्रिजचा कॉम्प्रेसर मधूनच बंद पडे, आणि दोन ठिकाणी दाखवूनही "बॅटरी बदला" हेच उत्तर मिळाले होते. बॅटरी बदलूनही फरक नव्हता. गाडीतली १२ व्होल्टची वीज बॅटरीच्या प्लसपासून तारेने जाते आणि परत येताना बहुतेक ठिकाणी गाडीचा सांगाडाच तार म्हणून वापरते. गॅरेजमध्ये "बॉडी अर्थ" म्हणतात ती हीच. तिचा जमिनीशी काहीही संबंध नाही, तिचा उगम बॅटरी आहे. २३० व्होल्टच्या अर्थची हिरवी तारही सुरक्षेसाठी याच सांगाड्याला बांधलेली असते, आणि म्हणून दोन्ही एकच आहेत असा समज होतो. वास्तविक बॉडी अर्थ सदैव करंट वाहते, आणि हिरव्या तारेने एरवी त्या गळतीच्या अंशापलीकडे काही वाहू नये.

गॅरेजमध्ये हा दोष सापडला नाही याचे कारण तो मीटरच्या ओहमच्या खुणेवर शोधला गेला. मीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या तरी ०.२ ते ०.३ ओहम दाखवतात, त्यात ०.१ ओहमचा बिघाड कुठे दिसणार? आम्ही पंप व फ्रिज दोन्ही चालू ठेवले आणि बॅटरीच्या मायनसपासून पंपाच्या बॉडी अर्थच्या बोल्टपर्यंतचा दाब मोजला. तो १.८ व्होल्ट निघाला. बोल्टमधून १८ अँपिअर जात होते, म्हणजे रोध ०.१ ओहम, आणि त्या एका बोल्टवर ३२ वॅट उष्णता. हात लावला तर चटका बसला. नट सोडून पाहिले तर लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) आणि सांगाडा यांच्यामध्ये गंजरोधक काळ्या रंगाचा थर होता. गाडी रंगवणाऱ्याने आधी रंग मारला आणि जोडणी करणाऱ्याने त्याच्यावरच बोल्ट कसला होता. करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांतून. पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, दात्यांचा वॉशर घातला, कसल्यावर वरून पेट्रोलियम जेली चोपडली. त्याच भाराला वाचन ०.१ व्होल्टच्या खाली आले. बदललेली जुनी बॅटरी मेहुण्यांनी आधीच मोडीत काढली होती, त्याचे त्यांना अजून वाईट वाटते. इंजिनाला सांगाड्याशी जोडणारी विणलेली पट्टीही त्याच दिवशी पाहून घेतली, कारण ती तुटली तर स्टार्टरचा प्रचंड करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलसारख्या भलत्या वाटेने परततो आणि ती केबल जळते.

तिसरा दोष छोटा होता. बाहेरून खरे अर्थिंग मिळाल्यावर गाडीतला आरसीसीबी केबल लावताक्षणी पडू लागला, इन्व्हर्टरवर मात्र सुरळीत चाले. न्यूट्रल आणि अर्थ यांची गाठ एका वेळी एकाच जागी, उगमापाशी असावी लागते. इन्व्हर्टर चालू असताना ती इन्व्हर्टरमध्ये हवी आणि बाहेरचा पुरवठा आला की सुटली पाहिजे. मेहुण्यांच्या गाडीत ती कायमची बांधलेली होती, त्यामुळे परतीचा करंट दोन वाटांनी विभागला जाऊन आरसीसीबी पडत होता. तो बिघडला म्हणून काढून टाकण्याचा सल्लाही त्यांना मिळाला होता! गाठ आपोआप सोडणारा रिले बसवल्यावर प्रश्न सुटला. काही स्वस्त इन्व्हर्टरांत मात्र अशी गाठ मारली तर इन्व्हर्टरच जळतो, म्हणून आधी त्याचे माहितीपत्रक वाचावे.

ठाणे आणि नवी मुंबईतील गृहनिर्माण संस्थांना आणि गाड्यांसाठी मुक्कामाची जागा देणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे की पार्किंगमधले सॉकेट म्हणजे कोणीही काहीही लावावे असा मोकळा बिंदू समजू नये. प्रत्येक सॉकेटला स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, मीटररूमच्या पट्टीपर्यंत अखंड वेगळी अर्थची तार आणि पावसापासून झाकण असावे. आंतरराष्ट्रीय मानकांत कॅराव्हानच्या तळांसाठी स्वतंत्र भाग आहे आणि त्यातही प्रत्येक सॉकेटला वेगळे संरक्षण सांगितले आहे. आपल्याकडे अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे मानक आहेच. पावसाळ्याआधी वर्षातून एकदा अर्थचा रोध मोजून त्याची तारीख पेटीवर लिहायला फारसा खर्च येत नाही. खाडीकाठच्या वस्त्यांत, ऐरोलीपासून वाशी-बेलापूरपर्यंत, खारट जमिनीमुळे रोध कमी मिळतो खरा, पण तोच खार अर्थिंगची लोखंडी पट्टी खातोही, तेव्हा बसवताना घेतलेल्या वाचनावर दहा वर्षे विसंबून चालत नाही.

आमच्या सोसायटीने तो जोड काढून टाकला, पट्टीला नवे भोक पाडून लोंबणारी तार तिथे कसली, आणि पार्किंगला आरसीसीबीची पेटी बसवली. मेहुणे आता गाडीत मीटर बाळगतात. मागच्या महिन्यात कोकणातल्या एका मुक्कामी यजमानांनी दिलेल्या सॉकेटवर, छोटा हीटर चालू असतानाही, न्यूट्रल ते अर्थ अगदी शून्य आले, तेव्हा त्यांनी केबल न लावता रात्र बॅटरीवर काढली. पंखा १२ व्होल्टचा होता, त्यामुळे झोप झाली, फक्त सकाळी आंघोळीला गरम पाणी नव्हते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक,
ऐरोली, नवी मुंबई